गायनॅकला गोळ्यांचं सांगू का?

"ताई, मी २८ वर्षांची, भांडुपला राहते, पाचवा महिना चालू आहे. कॉलेजात असताना बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा मानसिक आजार) निघालं, तेव्हापासून गोळ्या होत्या, त्या दिवस गेल्यावर मीच बंद केल्या. नवऱ्याला माहितीये, सासूबाईंना नाही, आणि चेकअपला त्याच सोबत येतात म्हणून गायनॅकला बोललेच नाही. कळलं तर बाळ माझ्याकडे ठेवतील ना? सातव्यानंतर चिपळूणला माहेरी जायचंय."

अगं, बाळाचं आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यात शिरणार नाही. नुसता आजार आहे म्हणून कोणी बाळ काढून घेत नाही, उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे की आई ॲडमिट असली तरी तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून वेगळं करायचं नाही.

आता गोळ्या. बंद केल्यास ते केल्यास, पण आता घाबरून जुनी स्ट्रिप काढून परत सुरू करू नकोस हं! व्हॅल्प्रोएट असेल तर ती बाळाच्या मणक्याला आणि मेंदूला बाधते, लिथियम असेल तर पोट वाढतं तशी रक्तातली लेव्हल बदलते आणि ती सारखी तपासावी लागते, म्हणजे कुठली घ्यायची, किती घ्यायची हे तुझ्या सायकियाट्रिस्टनेच ठरवायचं, आणि ते याच आठवड्यात. त्यांच्याकडून गायनॅकसाठी चिठ्ठी घे. पुढच्या चेकअपला नवऱ्याला हाफ डे टाकायला लाव, सासूबाईंना काय सांगायचं ते तो बघेल, त्याचीच आई आहे. पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी व्हायची असेल तर त्याआधी पहिल्या महिन्यांत काय काय पोटात गेलं ते डॉक्टरांना कळू दे. दोन प्रायव्हेट डॉक्टरांमध्ये पळापळ होत असेल तर केईएम, सायन, नायरला दोन्ही ओपीडी एकाच आवारात आहेत, रांग मोठी असते हे खरं.

पण मला खरी काळजी डिलिव्हरीनंतरची वाटते. नऊ महिने सगळे तुला तपासतात आणि बाळ झालं की डॉक्टरकडे जाणं फक्त बाळाचं, आई नुसती रिक्षात बाळ धरून बसायला. बायपोलर असलेल्या साधारण पाचातल्या एकीला बाळंतपणानंतर जोरात त्रास होतो, तोही बऱ्याचदा पहिल्या दोन आठवड्यांतच, म्हणजे दीड महिन्याच्या लसीची वाट बघत बसलीस तर उशीर. पहिल्या आठवड्यातली सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट आत्ताच ठरव, आणि पुढे ६, १०, १४ आठवड्यांच्या लसींच्या आसपास स्वतःचीही घेत जा. रात्रीचं एक दूध दुसऱ्या कोणीतरी पाजायचं, तुझी झोप हेच अर्धं औषध आहे (अंगावरच्या दुधाचं काय ते गोळ्या बघून डॉक्टर सांगतील).

बाळ झोपलंय तरी तुला झोप येत नाही, बोलणं थांबत नाही, कोणीतरी बाळाला काहीतरी करेल असं वाटतंय, किंवा तुझ्याच मनात स्वतःला नाहीतर बाळाला इजा करायचे विचार येतायत, तर त्याच दिवशी कॅज्युअल्टीत, आणि बाळाजवळ एकटं राहायचं नाही. हे आईला आणि नवऱ्याला आधी सांगून ठेव कारण तेव्हा तुला स्वतःला कळेलच असं नाही, आणि आजूबाजूच्या बायका बाहेरचं काहीतरी झालंय म्हणत लिंबू उतरवत बसतील.

चिपळूणचं मला तरी पटत नाही, आईलाच दोन महिने भांडुपला बोलव. जायचंच असेल तर तिथला सायकियाट्रिस्ट आधी शोध, फाईल घेऊन सातव्यातच एकदा दाखवून ये. मध्ये कधी रात्री-बेरात्री अडलीस तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरव, मराठीत बोलतात, पैसे नाही लागत.