म्हातारा उंदीर वजन कसा उचलतो?

प्रश्न : वजनाच्या व्यायामाने वयस्कर उंदरांचे स्नायू वाढल्याच्या बातम्या येतात. उंदराकडून वजन उचलून घेतात तरी कसं? आणि ‘म्हातारा’ म्हणजे किती वयाचा?
– निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा काळा ‘सी५७ ब्लॅक ६’ उंदीर अडीच वर्षांच्या आसपास जगतो. २२ ते २४ महिन्यांचा उंदीर म्हणजे माणसाची साधारण पासष्टी-सत्तरी.

भार देण्याच्या तीन पद्धती जास्त चालतात. पहिली शस्त्रक्रियेची. पोटरीचे मोठे स्नायू काढून टाकले, की उरलेल्या प्लॅन्टारिस या छोट्या स्नायूवर सगळा भार येतो आणि तो दोन आठवड्यांत फुगतो. यातली बरीच वाढ सुजेची असते, शिवाय भार चोवीस तास, विश्रांती नाही. याला व्यायाम म्हणणं आम्हाला पटत नाही. बातमीमागे ही पद्धत असेल, तर उत्साह जरा आवरावा. दुसरी पद्धत शेपटीला वजन बांधून शिडी चढवण्याची.

तिसरी पद्धत अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या गटाने २०१९मध्ये मांडली. पिंजऱ्यातल्या चाकाच्या एकाच बाजूला एकेक ग्रॅमची लोहचुंबकं चिकटवायची. चाकाचा तोल जातो आणि प्रत्येक फेरीत जड बाजू वर ओढावी लागते. आधी रिकामं चाक, मग २ ग्रॅम, आणि आठ आठवड्यांत हळूहळू ५-६ ग्रॅमपर्यंत. उंदीर रात्री आपल्या मर्जीने पळतो, म्हणून म्हाताऱ्या जनावरांसाठी आम्ही हीच पद्धत सुचवू. अडचण एकच : पळणं आणि ओढणं दोन्ही होत असल्याने वाढ नेमकी कशामुळे झाली, हे वेगळं काढता येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे शिडीचा प्रयोग सुरू आहे. तरुण उंदीर भराभर चढतात, २३ महिन्यांचे मध्येच थांबतात किंवा पडतात. काय चुकतंय?
– संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : आधी जनावर तपासा. म्हातारपणी नखं वाढून वाकडी होतात, पायऱ्यांवर पकड बसत नाही, मोतीबिंदूही होतो. नखांची टोकं कापा. शिडी साधारण १ मीटर लांब, ८०-८५ अंशांत उभी आणि पायऱ्यांमधलं अंतर दीड-दोन सेंटिमीटर असू द्या. वर अंधारी डबी ठेवा. दोन चढायांमध्ये तिथे दोन मिनिटं विश्रांती.

पहिला आठवडा वजन बांधूच नका. तरुण उंदरांची सुरुवात बऱ्याचदा शरीराच्या वजनाच्या ७५ टक्क्यांवर होते. म्हाताऱ्यांना थेट तेवढ्यावर नेलं की ते बसकण मारतात. २५-३० टक्क्यांपासून चढवत न्या, आठवड्यातून तीनच दिवस. वजन अडकवायची पट्टी शेपटीच्या मुळाशी गुंडाळा, पण घट्ट नको. टोक निळसर दिसलं तर लगेच सोडा. थांबलेल्याला विजेचा झटका देऊ नका. ताणाने कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, ते स्नायू झिजवतं आणि तुमचाच निकाल बिघडतो. मऊ ब्रशचा स्पर्श पुरतो. वेळ संध्याकाळची, दिवा लाल.

तुलनेच्या गटालाही तितकंच हाताळा आणि वजनाशिवाय पट्टी बांधा. कितपत वजन घटलं की जनावर प्रयोगातून काढायचं, हे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे दिलेल्या अर्जात आधीच लिहिलेलं असावं.

प्रश्न : स्नायूचं वजन वाढलं नाही, पण तंतू जाड दिसतात. कशावर विश्वास ठेवायचा?
– त्याच प्रयोगशाळेतून

उत्तर : दोन्ही पुन्हा तपासा. स्नायूचं वजन शरीराच्या वजनाने भागलं असेल, तर तिथेच गफलत आहे. व्यायामाने चरबी उतरते, भागाकार आपोआप वाढतो. उलट म्हातारा उंदीर आजाराने रोडावला, तरी तेच. नडगीच्या हाडाच्या लांबीने भागा. शेवटचा व्यायाम आणि स्नायू काढणं यांत २४ ते ४८ तास जाऊ द्या, नाहीतर सूजच मोजाल.

तंतूंसाठी स्नायू मधोमध कापा. तुकडा आयसोपेंटेन या द्रवरूप रसायनात गोठवा, आणि तेही द्रव नायट्रोजनने इतकं थंड केलेलं हवं, की भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरू लागेल. त्याआधी घाई केलीत, तर बर्फाचे स्फटिक होऊन तंतूंना भोकं पडतात. काप तिरका गेला की प्रत्येक तंतू जाड भासतो. म्हणून नुसतं क्षेत्रफळ न देता ‘किमान फेरे व्यास’, म्हणजे तंतूची सर्वांत कमी रुंदीही द्या; तिरक्या कापाने ती फारशी बदलत नाही. आणि मोजणाऱ्याला कोणता काप कोणत्या गटाचा, ते कळता कामा नये.

एक राहिलंच : या वयात गाठी सापडतात. चिरताना प्लीहा पाहा, आणि गाठ असलेले उंदीर वगळायचे की नाही, हे आकडे बघण्याआधी ठरवा.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे आहेत. हे त्यांना लागू पडतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यासाठी उंदरांवर विसंबायची गरज नाही. १९९०मध्ये बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांवर प्रयोग झाला : मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, एका वेळी पेलेल त्या कमाल वजनाच्या ८० टक्के, आठ-आठचे तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मांडीतल्या स्नायूंचं क्षेत्रफळ मात्र ९ टक्केच. म्हणजे आरशात फारसा फरक दिसला नाही, तरी खुर्चीतून उठणं सोपं होऊ शकतं. तिथे सगळं देखरेखीखाली झालं होतं; वडिलांचा रक्तदाब, हृदय आणि गुडघे डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि सुरुवात कमी वजनाने करा.