वाचकांचे प्रश्न : प्रशिक्षण झाले, वर्ग मात्र तसाच

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे शिक्षकांच्या तयारीविषयीची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. मी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून अधिव्याख्याता म्हणून निवृत्त झालो. प्रशिक्षणे देणाऱ्यांच्या रांगेत मीही बरीच वर्षे उभा होतो, हे पुढील उत्तरे वाचताना वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : राजापूर तालुक्यात वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत मी ११ वर्षे शिकवत आहे. पहिली ते पाचवी मिळून १४ विद्यार्थी आहेत. दरवर्षी दोन-तीन प्रशिक्षणे होतात, शिवाय केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद आणि मोबाईलवरचे कोर्स असतातच. प्रमाणपत्रांची फाईल जाड झाली, पण वर्गात उभी राहिले की मी पूर्वीसारखीच शिकवते. पुढच्या वर्षी वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणखी एक प्रशिक्षण आहे. दोष माझा की प्रशिक्षणाचा?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, दोष वाटूनच घ्यायचा असेल तर मोठा वाटा आम्हा प्रशिक्षण देणाऱ्यांकडे येतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी २००७ मध्ये एक आढावा घेण्यात आला. शिक्षकांच्या प्रशिक्षणामुळे मुलांच्या शिकण्यात काय फरक पडतो, हे सांगणारे १३०० हून अधिक अभ्यास त्यासाठी चाळले गेले आणि काटेकोर पुराव्याच्या कसोटीला त्यांतले केवळ ९ उतरले. त्या नवांपैकी ज्यांत प्रशिक्षण १४ तास किंवा त्याहून कमी होते, त्यांत मुलांच्या शिकण्यावर परिणाम दिसला नाही. जिथे प्रशिक्षण त्याहून दीर्घ होते, तिथे तो दिसला. नऊ अभ्यासांवर मोठी इमारत उभारू नये हे खरे, तरीही आपल्याकडच्या दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून चहा, हजेरी आणि उद्घाटन वजा केले तर किती तास उरतात, हे आपण अनुभवाने जाणताच.

मात्र नुसते तास वाढवून भागत नाही, ते तास कुठे खर्च होतात हे त्याहून महत्त्वाचे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात सेट्स्वाना भाषेच्या वाचनासंबंधी झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. शिक्षकांच्या दोन गटांना सारखीच पाठटाचणे आणि सारखीच पुस्तके देण्यात आली. एका गटाला केंद्रावर बोलावून प्रशिक्षण दिले आणि दुसऱ्या गटाच्या वर्गात मार्गदर्शक नियमितपणे जाऊन बसू लागले. दोन वर्षांनी मुलांचे वाचन तपासले, तेव्हा दुसऱ्या गटातील प्रगती पहिल्या गटाच्या जवळजवळ दुप्पट भरली. वर्गात बसून केलेल्या अशा मार्गदर्शनाविषयीच्या ६० अभ्यासांचे २०१८ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, त्याचाही कल याच दिशेला आहे. त्यातली एक नोंद मात्र आपल्या राज्यकर्त्यांनी वाचावी अशी आहे : उपक्रम जितक्या जास्त शिक्षकांपर्यंत पसरवला, तितका त्याचा परिणाम ताकात पाणी घालत जावे तसा पातळ होत गेला.

आमच्याकडे तर पाणी घालण्याची पद्धतच ठरलेली होती. पुण्यात राज्यस्तरावर पाच दिवस ऐकलेले मी जिल्ह्यावर तीन दिवसांत सांगत असे, माझ्याकडून ऐकलेले तालुक्याचे सुलभक दोन दिवसांत सांगत, आणि आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे सरकपट्ट्यांवरचे ठळक मुद्दे तेवढे उरत. शिवाय त्या मुद्द्यांमागे एक शिक्षक, एक इयत्ता आणि समोर तीस मुले असे चित्र गृहीत धरलेले असे. वाडीवरची शाळा त्या चित्रात कधी आलीच नाही.

एक प्रसंग सांगतो. जुलैमधल्या एका शाळाभेटीची गोष्ट आहे. पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की शेजारी बसलेल्याचे बोलणेही नीट ऐकू येत नव्हते. मी मागच्या बाकावर बसून तिसरीची वही उघडली. ४३ मधून १७ वजा करण्याच्या गणिताचे उत्तर मुलाने ३४ लिहिले होते, त्यावर लाल फुली होती आणि खाली 'पुन्हा सोडव' असा शेरा होता. मुलाने पुन्हा सोडवले आणि पुन्हा ३४ लिहिले. तीनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून तीन घालवले होते. त्याच्या परीने त्यात चुकीचे काहीच नव्हते. शेजारीच माडाच्या हिरांचा खराटा होता. त्याचे हीर मोडून दहा-दहांच्या चार जुड्या बांधल्या, तीन सुटे ठेवले आणि त्याला सतरा हीर द्यायला सांगितले. थोडा वेळ तो त्या तीन सुट्या हिरांकडे बघत राहिला, मग कोणी न सांगता त्याने एक जुडी सोडली. शिकवणाऱ्या गुरुजींना गणित उत्तम येत होते आणि शिकवण्याच्या पद्धतीही तोंडपाठ होत्या. वजाबाकीत मूल नेमके कुठे अडखळते आणि तिथे काय पुढे करावे, ही तिसरीच विद्या आहे. ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये तिला स्वतंत्र नाव दिले आणि तेव्हापासून शिक्षकांच्या तयारीवरील संशोधनाचा एक मोठा प्रवाह तिच्याभोवती वाहतो आहे. ही विद्या सभागृहात बसून येत नाही, ती वह्यांतून येते.

त्याच दिवशी मी घड्याळ लावून आणखी एक गोष्ट टिपली. ४० मिनिटांच्या तासात तिसरीची मुले १७ मिनिटे काहीही न करता बसून होती, कारण गुरुजी तेव्हा पहिलीच्या मुलांजवळ होते. चौदा मुलांना दोन शिक्षक म्हणजे चैन, असे घाटावरच्या लोकांना वाटते, परंतु दोघांत पाच इयत्ता म्हटल्या की वेळेचा हिशेबच बदलतो. बहुवर्ग अध्यापनाचे खरे कसब शिक्षक ज्यांच्याजवळ नाही, त्या मुलांच्या हाताला काय काम आहे यात असते. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी यासाठी पायरी-पायरीने पुढे नेणारी कार्डे तयार केली आणि १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेल्या नली-कली उपक्रमाने तोच मार्ग धरला. त्यासाठी इतके दूर जायचे नसेल तर आपल्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडे पाहावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे त्या कोसबाडला गेल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हणून अंगणवाडी त्यांच्या दारात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. समोर मूल जसे आहे तसे धरून शिकवण्याची रीत बेतण्याचा इतका जिवंत नमुना कोकणातच असताना आम्ही प्रशिक्षणांत त्याचे नाव जयंतीपुरते घेत आलो, याची मला आता लाज वाटते.

आता आपण काय करावे? मोठे काही नको. आपल्या सहकाऱ्याला आठवड्यातून एकदा वीस मिनिटे आपल्या पाठाच्या वेळी मागे बसायला सांगावे आणि एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायला सांगावे, उदाहरणार्थ कोणते मूल किती वेळ रिकामे बसले. त्या वीस मिनिटांत उरलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न येणारच. त्यासाठी चौथी-पाचवीच्या मुलांनी लहानांना वाचून दाखवण्याची सवय आधी लावावी लागेल आणि ती बसायला दीड-दोन महिने लागतील. पुढच्या आठवड्यात आपण सहकाऱ्याच्या पाठाला बसावे. दुसरे असे की शिक्षण परिषद एकदा आपल्या शाळेत घ्यावी आणि त्या दिवशी भाषणांऐवजी आपला एक पाठ सर्वांनी मिळून पाहावा, अशी विनंती केंद्रप्रमुखांना करावी. जपानमध्ये शिक्षक एक पाठ मिळून आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत टिपणे काढतात आणि मग तोच पाठ दुरुस्त करून पुन्हा घेतला जातो. तिथे ही पद्धत कित्येक पिढ्यांची आहे. चर्चा पाठाची करावी, बाईंची करू नये, एवढे पथ्य मात्र कडकपणे पाळावे लागते, नाहीतर पुढच्या खेपेला वर्गाचे दार कोणी उघडणार नाही.

शाळाभेटीला येणाऱ्या साहेबांच्या शेरेबुकाने हे काम होईल असे मला वाटत नाही. आंध्र प्रदेशातील एका प्रयोगात शिक्षकांना मुलांच्या चाचण्यांचे तपशीलवार अहवाल आणि सूचना देण्यात आल्या. पाहणी करणारे वर्गात आले की ते शिक्षक अधिक मन लावून शिकवताना दिसले, पण वर्षअखेरीस त्यांच्या मुलांच्या गुणांत इतरांहून काही फरक नव्हता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष ज्यांनी शाळाभेटी दिल्या आहेत त्यांना नवा वाटणार नाही.

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आमच्या शाळेचे गुरुजी प्रशिक्षणाला गेले की उरलेल्या एका बाईंना सगळे वर्ग सांभाळावे लागतात, आणि कधी तर दोघांनाही एकाच दिवशी बोलावतात. हे प्रशिक्षण इतके आवश्यक आहे का?
— अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती

उत्तर : आवश्यक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत असे म्हटले आहे. दिवसाला सहा तास धरले तर ते आठ-नऊ दिवस होतात. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा चालली पाहिजे असे सांगितले आहे, आणि ते दिवसही मुलांच्या हक्काचे आहेत. त्यामुळे दोन्ही शिक्षकांना एकाच दिवशी न बोलावता पाळीपाळीने बोलवावे, अशी मागणी आपल्या समितीने ठरावानिशी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जरूर करावी. याच कायद्यात शिक्षकांचे आठवड्याचे ४५ तास मोजताना पूर्वतयारीचा वेळ त्यात धरलेला आहे, हेही गावाने लक्षात घ्यावे. शाळा सुटल्यावर तासभर मागे राहून दुसऱ्या दिवसाचे साहित्य करणारे गुरुजी रिकामे बसलेले नसतात.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील असून वेंगुर्ले तालुक्यातील शाळेत नुकताच रुजू झालो आहे. मुले हुशार आहेत, पण वर्गात बोलतच नाहीत. अध्यापक पदविकेच्या वेळी कृती संशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर शिक्षकाने स्वतः केलेल्या अभ्यासाचा, अहवाल बांधून दिला होता; खरे सांगायचे तर तो जुन्या अहवालांवरून उतरवलेला होता. आता खरोखरीचे कृती संशोधन करावेसे वाटते. कुठून सुरुवात करू?
— एक नवशिक्षक

उत्तर : सर, कबुलीबद्दल आभार, तसे अहवाल आम्हीच तपासून गुण दिले आहेत.

सुरुवात घड्याळापासून करा. मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे ऐकून मोजले, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी केवळ एक सेकंद थांबतात असे आढळले. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा त्याहून अधिक थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली आणि मुले आपणहून प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद कागदावर क्षुल्लक वाटतात. वर्गात उभे राहून थांबून पाहा, जीव टांगणीला लागतो. आपण लहानपणापासून हजारो तास शिक्षकांना लगेच पुढे सरकताना पाहिलेले असते आणि नकळत तेच उचललेले असते. पदविकेची दोन वर्षे त्यापुढे तोकडी पडतात.

आपल्या वर्गात याला भाषेचीही एक गाठ आहे. समुद्र डोळ्यांसमोर असलेल्या वर्गात मी एकदा 'ओहोटी म्हणजे काय?' असे विचारले, तर सगळ्यांच्या माना खाली. शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, "माका म्हायत नाय." शेजारच्या स्थानिक बाईंनी 'सुकती' हा शब्द उच्चारला मात्र, आणि तिने सुकतीच्या वेळी तिचे आजोबा कुठवर चालत जातात, शिंपले कुठे मिळतात आणि पाणी परत कधी चढते, हे सगळे एका दमात सांगितले. तिला ज्ञान होते, माझ्याकडे शब्द नव्हता. शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे २०२० चे धोरणही म्हणते. मालवणीत दिलेले उत्तर 'शुद्ध बोल' म्हणून परतवले की मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच घ्या : मी तीन सेकंद थांबलो आणि मालवणीतले उत्तर जसेच्या तसे फळ्यावर लिहिले, तर बोलणाऱ्या मुलांची संख्या वाढते का? पहिले दोन आठवडे काहीही न बदलता, परिसर अभ्यासाच्या तासाला कोण किती वेळा बोलले याच्या फक्त रेघा ओढा. नंतरचे चार आठवडे बदल करा आणि तशाच रेघा ओढत राहा. स्वतःच्या थांबण्याचा अंदाज नेहमी चुकतो, म्हणून आठवड्यातून एकदा मोबाईल टेबलावर ठेवून तास ध्वनिमुद्रित करा आणि घरी ऐका. पहिल्यांदा ऐकताना संकोच वाटेल. कोणते मूल सहाव्या आठवड्यातही गप्पच राहिले, ते वेगळ्या पानावर लिहा आणि शक्य झाल्यास त्याच्या घरी एकदा जाऊन या. अहवाल बांधू नका. शंभर पानी वही पुरेल, आणि दिवाळीच्या सुटीआधी त्यातल्या रेघांचे पान मला पाठवलेत तर याच सदरात त्यावर पुढे बोलू.