वडिलांची ठासणीची बंदूक ठाण्याला आणू का?

प्रश्न: आमचे गाव सिंधुदुर्गात. वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक होती. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. बंदूक घराच्या माळ्यावर आहे, गावी आई आणि धाकटा भाऊ असतात. आठवण म्हणून ती मला ठाण्याच्या घरी आणायची आहे. काका म्हणतात, एवढ्या जुन्या बंदुकीला कायदा लागत नाही, नंतर नाव लावून घे. काय करू?

उत्तर: आणू नका. आणि भावालाही सांगा, तिला हात लावू नकोस.

परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा किंवा घराचा नव्हे. वडील गेले तेव्हाच तो संपला, परवान्याच्या वहीवर पुढची तारीख असली तरी. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम २१ सांगते की ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने वाढली आहे. ती आता दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड अशी आहे.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा विचार झालेला दिसत नाही. आठवण तुमची असली तरी ताबा आज आई आणि भावाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच स्पष्ट केले आहे की ताबा म्हणजे वस्तू हातात असणे एवढेच नव्हे. वस्तू आहे हे ठाऊक असणे आणि तिच्यावर आपला अंमल असणे, हाही ताबाच. माळ्यावर बंदूक आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या कोणी तक्रार केली, तर पोलीस प्रथम आईच्या दारात येतील. मला काळजी वाटते ती त्यांची.

काकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. कालबाह्य बनावटीच्या किंवा मोडक्या शस्त्राला कायद्याने वगळले आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशा अवस्थेत असेल तरच. वडील जिने डुकरे हाकलत होते, ती बंदूक त्यात बसत नाही.

आता कामाचे. ठासणीची बंदूक पुष्कळदा भरलेलीच ठेवलेली असते. म्हणून ती एसटीतून किंवा दुचाकीवरून कोणी नेऊ नये. पोलीस ठाण्यात फोन करून ती कशी आणायची ते विचारा. बंदुकीची दारू, केपा (ती पेटवणाऱ्या छोट्या टोप्या), छर्रे असतील तर तेही सांगा. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि लेखी अर्ज द्या. आठ महिन्यांच्या उशिराचे कारण जे खरे असेल तेच लिहा. उशीर झाला आहे, त्यामुळे गुन्हा नोंदवला जाणारच नाही अशी हमी मी देणार नाही. पण स्वतःहून कागदांसह जमा करणारा आणि झडतीत सापडलेला, यांत मोठा फरक पडतो. गावाजवळचा वकील सोबत असू द्या. बंदुकीचा क्रमांक लिहिलेली जमा पावती घेतल्याशिवाय निघू नका.

जमा केल्याने मालकी जात नाही. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे मृत परवानाधारकाच्या वारसाला परवाना मिळू शकतो. वय २१ पूर्ण हवे, बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, पोलीस अहवाल प्रतिकूल नसावा. इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर घ्या. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे सिंधुदुर्गच्या मुख्यालयी ओरोसला.

माझे स्पष्ट मत, अर्ज भावाने करावा. शेत तो कसतो, रानडुकरांचा त्रास त्याला आहे. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तुम्ही कोणते पीक राखणार? हा परवाना त्यावर लिहिलेल्या क्षेत्रापुरता असतो. भावालाही एक सांगून ठेवा, बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

कोणालाच परवाना नको असेल, तर परवानगी घेऊन बंदूक परवानाधारकाला विकता येते. मात्र पावती कपाटात टाकून विसरू नका. ठरलेल्या मुदतीत बंदूक परत घेतली नाही किंवा विकली नाही, तर जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात.

आज रात्रीच आईला फोन करा आणि वडिलांची परवान्याची वही कुठे ठेवली आहे ते विचारा.