तांबट आळीचे ठोके आणि वहीतले चार रकाने

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी कसबा पेठेतल्या तांबट आळीवर मोबाइलवर माहितीपट करतोय. शिकायचं म्हणून रोज रात्री एखादा माहितीपट पाहतो, पण माझ्या शूटिंगमध्ये त्यातलं काही उतरत नाही. मुलाखतींत ठोक्यांचा आवाज इतका की बोलणं कळत नाही. एका कारागिरांना हंड्याचं मठारकाम (हातोडीने ठोके देण्याचं काम) पुन्हा करून दाखवायला सांगितलं, तेही आता खटकतंय. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : रोज रात्रीचा माहितीपट आधी बंद करा. महिनाभर एकच घ्या, तोही छोटा. एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ घ्या. फिल्म्स डिव्हिजनचा, १९६७चा, वीसेक मिनिटांचा. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुलंमुली देशाविषयी बोलतात, एवढाच मामला. तरी कंटाळा का येत नाही, ते शोधा.

एकदा आवाज बंद करून पाहा. मग मोबाइल पालथा घालून नुसतं ऐका. मग वहीत चार रकाने आखा : वेळ, दिसतं काय, ऐकू येतं काय, कट इथेच का. शेवटच्या रकान्यात ‘छान वाटलं म्हणून’ लिहायला बंदी. एकाचं बोलणं संपतं न संपतं तोच दुसरा वेगळाच सूर लावतो, आणि दोघांची जुंपल्यासारखं वाटतं. ही जुंपाजुंपी शूटिंगच्या वेळी झालेलीच नाही, ती संकलकाच्या टेबलावर लागलेली आहे. (लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात माहितीपट लागला तर जरूर जा. पण तिथे थांबवून मागे नेता येत नाही. अभ्यास घरीच.)

आता ठोके. अमेरिकी माहितीपटकार फ्रेडरिक वाइजमन यांच्या माहितीपटांत निवेदन नाही, बसवून घेतलेल्या मुलाखती नाहीत, वरून टाकलेलं संगीतही नाही. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असायचा आणि ध्वनिमुद्रण दिग्दर्शक स्वतः करायचे. मला हा तपशील कुठल्याही लेन्सच्या माहितीपेक्षा मोलाचा वाटतो. तुम्ही ठोक्यांशी वैर धरलंत. ते वेगळे रेकॉर्ड करा : जवळून, आळीच्या तोंडाशी, शेजारच्या खोलीतून. मुलाखत काम थांबल्यावर घ्या, कॉलर माइक लावून. मग संकलनात बोलण्यावर कामाची दृश्यं टाका, ठोके खाली ठेवा आणि वाक्य संपलं की वर आणा. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या आधी सुरू करायचा, त्याला आम्ही जे-कट म्हणतो. आणि मुलाखतीच्या जागी कुणी न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, कटचे सांधे झाकायला लागते. हे भलेभले विसरतात.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) पाहा, पण नक्कल करायला घेऊ नका. चौदा वर्षांचं चित्रण आहे ते. तिथून फक्त गाण्यांचा वापर उचला. दोन प्रसंगांमधली फट बुजवायला ती नाहीत, गोष्ट तीच पुढे नेतात. ठोक्यांना असं काही काम देता येतं का, बघा.

राहिलं ‘पुन्हा करून दाखवा’. रॉबर्ट फ्लाहर्टींनी ‘नानूक’ या माहितीपटासाठी (१९२२) एका बाजूने उघडा इग्लू, म्हणजे बर्फाचं घर, बांधून घेतला, कारण आत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना. ते मी चालवून घेईन. पण तिथली जी इन्युइट माणसं एव्हाना बंदूक वापरत होती, त्यांना त्यांनी जुन्या पद्धतीने शिकार करायला लावली आणि तेच त्यांचं रोजचं जगणं म्हणून दाखवलं. ते मला पटत नाही. तेव्हा तुमच्या कारागिरांना सरळ विचारा : काका, एरवीही हे असंच करता ना? ‘हो’ म्हणाले तर खुशाल दोनदा करून घ्या. ‘छे, आता मशीनवर घेतो’ म्हणाले, तर मशीनचं शूटिंग करा.