ना शब्द, ना ताल, तरी ॲम्बियंट इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकून लोकांना भरून का येतं? आणि त्यातून माणसं खरंच जोडली जातात का?

जोडली जातात. पण प्रश्नाखाली तुम्ही जी पुस्ती जोडलीय, की "एकत्र नाचता येत नाही, गाता येत नाही, मग ते संगीत कसलं", ती वाचून आमचा दादा डोळ्यांसमोर उभा राहिला. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर दोन ओळींत भागलं असतं.

आमचा अमळनेर तालुक्यात मंडप-साउंडचा धंदा. व्यवहार दादाकडे, मिक्सर माझ्याकडे. हळदीला आमचे बॉक्स लागले की समोरच्या घराच्या काचा थरथरतात, आणि दादाच्या लेखी संगीत म्हणजे तेवढंच. छाती हलली पाहिजे. मी रात्री लॅपटॉपवर जे लांबलांब सूर लावत बसतो, म्हणजे हेच ॲम्बियंट, त्याला तो म्हणतो, "डीपी घुमस तशी घुमी ऱ्हायनं." म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर घुमतो तसं घुमतंय. माझ्याच साखरपुड्याच्या पंगतीत, सासरच्या लोकांसमोर म्हणाला होता. सगळे हसले. ठीक आहे, डीपी तर डीपी.

त्या हिवाळ्यात आमच्या भागात थ्री फेज रात्रीची होती. काकांच्या मळ्यात गव्हाला पाणी भरायचं होतं, मी सोबतीला गेलो. डीपी त्यांच्या बांधालाच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांची, पण ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणला जातो, त्यामुळे गुणगुण निघते ती १०० हर्ट्झची. पेटीवर बघाल तर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. मी लॅपटॉप, एक लहान मॉनिटर स्पीकर आणि इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन गेलो होतो. एक सूर बरोबर १०० वर लावला, दुसरा १००.२ वर. दोन सूर इतके खेटून असले की ते एकमेकांना कधी उचलतात, कधी दाबतात, आणि आवाज फुगत-ओसरत राहतो. फरक ०.२ चा, म्हणजे दर पाच सेकंदांनी एक लाट. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे तीन ते पाच सेकंदांना एक. हा योगायोग नाही, मी तसं लावलं होतं. वर फिल्टर, म्हणजे सुराची धार दाबणारी चाळणी, अगदी सावकाश उघडत नेला आणि रिव्हर्ब, म्हणजे मागे रेंगाळणारा घुमारा, लांब ठेवला. रिव्हर्ब लांब असला की कान समजतो जागा मोठी आहे. ठोका नसला की पुढच्या समेची वाट बघायचं काम उरत नाही. तुमच्या 'भरून का येतं'चं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे, यापुढचं ज्याचं त्याचं.

गंमत अशी की ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, काही ५० वर खिळलेली नसते, किंचित खालीवर होत असते. त्यामुळे डीपीचा सूर माझ्या सुराच्या कधी मागे रेंगाळायचा, कधी पुढे निसटायचा, आणि लाट लांबायची, आखडायची. ते माझ्या हातात नव्हतं. म्हणूनच ते चांगलं झालं.

शेजारच्या मळ्यातले आबा आणि काका यांची विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद, निरोप पोरांकरवी. "त्यांना सांग" एवढ्यावर दोन घरं चालतात. त्या रात्री आबा बॅटरी घेऊन पाणी बघायला आले, बांधावर थबकले, आणि पाइपांच्या ढिगावर बसले. काका खाटेवर. मी बंद करायला हात पुढे केला तर काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही, कोणी उठलंही नाही. नंतर आबांनी थेट काकांना विचारलं, "स्टार्टरना पट्ट्या जयी गयात का?" म्हणजे मोटरच्या स्टार्टरच्या पट्ट्या जळाल्या का. मध्ये पोरगा नाही, निरोप नाही.

दिलजमाई झाली असं मी म्हणत नाही. पाळीचा वाद अजून तहसीलला आहे. पण तिथे दादाचा सेटअप वाजत असता तर आबा बांधावरूनच माघारी गेले असते. डीजे तुमच्याकडे काहीतरी मागतो: नाच, नाहीतर बाजूला हो. भजनसुद्धा मागतं, धृपद उचला म्हणून. हे संगीत काहीच मागत नाही. ज्याच्याशी बोलता येत नाही त्याच्याशेजारी बसायची सोय त्यात आहे. माणसं जोडणं म्हणजे घामाघूम होऊन एकमेकांच्या गळ्यात पडणं, हे कोणी ठरवलं?

दादाचा दुसरा आक्षेप, "हे गोऱ्यांचं थेर." अर्धा खरा. ब्रायन ईनो हा इंग्लंडचा संगीतकार अपघातानंतर १९७५ साली अंथरुणाला खिळला होता, हार्प या तंतुवाद्याची रेकॉर्ड फार बारीक आवाजात वाजत होती आणि उठून आवाज वाढवायची ताकद नव्हती. तिथून त्याच्या डोक्यात हे शिरलं, आणि १९७८ साली त्याने विमानतळांसाठीचा अल्बम काढून त्याला 'ॲम्बियंट' म्हटलं. पुढे १९८९ च्या सुमारास लंडनच्या हेवन क्लबात नाचून दमलेल्यांसाठी वेगळी खोली निघाली, तिथे हे वाजायचं आणि अनोळखी लोक जमिनीवर बसून गप्पा मारायचे. पण ईनोच्या आधी, १९६९ साली, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, बसवून स्टुडिओ उभा राहिला होता आणि संगीतकार गीता साराभाईंसारखे आपले लोक त्यावर काम करत होते. अहमदाबाद आपल्याला काय लांब? सुरत लाइनला बसायचं आणि सुरतेला गाडी बदलायची. आणि तानपुरा? दिवसभर एकच सूर धरून बसलेल्या तानपुऱ्याला कोणी डीपी म्हणत नाही, कारण तो लाकडाचा आहे.

हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही. माझ्या बायकोला दहा मिनिटांत कंटाळा येतो, आणि ती काही अरसिक नाही. मनाच्या आजारावरचं औषध म्हणून याकडे बघू नका, त्यासाठी डॉक्टर आहेत. यूट्यूबवर 'झोपेसाठी आठ तास' म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं कचरा आहे.

ऐकायचं तर हेडफोनवर, वीसेक मिनिटं सलग. फोनच्या स्पीकरवर नको, १०० हर्ट्झ त्यातून जवळपास निघतच नाही. दादाने माझं काम ऐकलं ते व्हॉट्सॲपवर, फोनच्या स्पीकरवर, टेम्पो चालवताना. आणि मत देऊन मोकळा झाला.

चौघांत ऐकणार असाल तर शेजारच्याचं हळू बोलणं ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा, सब, म्हणजे खर्जाचा मोठा बॉक्स, बंद करा, आणि संपल्यावर 'कसं वाटलं' विचारत फिरू नका. बॉक्स भाड्याने लागले तर रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर वाजवायला कायद्यानेच बंदी असते, तेव्हा दादाकडे नक्की मोकळे असतात. भाडं मात्र पूर्ण घेतो. माझ्याकडूनही घेतलं होतं, त्या मॉनिटरचं.