पहिला रोल धुवायला देऊ नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. लगेच उत्तर लिहिलं असतं तर दोन पत्ते आणि एक भाव कळवून मी मोकळी झाले असते, आणि तेवढंच मला करायचं नव्हतं. १६ मिमीचा जुना बोलेक्स कॅमेरा मिळाला, चावी दिली की एकसारखा चालतो, लेन्सला बुरशी नाही, फ्रिजमध्ये ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मचे शंभर फुटी तीन रोल आहेत, हे वाचून फार बरं वाटलं. पुढे तू विचारतेस की फिल्म कुठे धुवून मिळेल, स्कॅन कोण करून देईल, आणि हे सगळं शिकायला परदेशी जावं का.

माझं सांगणं असं की पहिला रोल कुणाकडेही धुवायला देऊ नकोस. तो स्वतः धू. आणि एकटीने धुवू नकोस, एखाद-दोघांना बरोबर घे.

कारण सांगते. नव्वदच्या दशकात मी एक छोटी फिल्म केली होती. मावळातल्या एका ओढ्यावरची, पावसाळाभर जाऊन-येऊन शूट केलेली. निगेटिव्ह मुंबईतल्या एका लॅबमध्ये दिली. परत आली ती मधोमध एक उभी रेघ घेऊन, पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत. ही रेघ कॅमेऱ्यात पडली की मशीनमध्ये, असं मी काउंटरवर उभी राहून विचारत होते आणि पलीकडचा माणूस पावतीवर सही मागत होता. आत कुणी घेईना. रेघेचं दुःख काही महिन्यांत ओसरलं, पण ती कुठे पडली हे न कळल्याची बोच राहिली. कॅमेरा माझा, पावसात भिजलेली मी, आणि चित्र प्रत्यक्ष उमटतं ती घटका मात्र भिंतीपलीकडे.

पुढे काही वर्षांनी फ्रान्समधल्या एका लॅबमध्ये तीन आठवडे राहायला मिळालं. ती लॅब कलावंतांनीच चालवलेली. तिथे काउंटर नव्हताच. दारातून आत गेलं की समोर सिंक, आणि सिंकवर दोरीला बांधलेली एक वही. पहिल्या दिवशी माझ्या हातात रबरी मोजे दिले आणि धुलाईच्या टाक्या घासायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी स्वतःची फिल्म धुतली, तोवर कोणती टाकी कुठे गळते, कोणत्या नळाचं पाणी गार येतं, हे मला हातानेच कळलं होतं. ती वही मी अजून विसरलेले नाही. वेगवेगळ्या अक्षरांत, चार-पाच भाषांत, डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, डाग पडलेल्या पानांवर प्रत्येकाने लिहून ठेवलेलं: कोणती फिल्म, कोणतं रसायन, पाण्याचं तापमान किती, किती मिनिटं, आणि काय बिघडलं. बिघडलेलं सर्वांत सविस्तर लिहिलेलं असायचं. नवीन येणाऱ्याने ते आधी वाचायचं.

अशा जागा आपोआप उभ्या राहिलेल्या नाहीत. १९६६ साली लंडनमध्ये फिल्ममेकर्स को-ऑप ही फिल्मकारांची सहकारी संस्था सुरू झाली. प्रयोग करणाऱ्यांना व्यावसायिक लॅब परवडत नव्हती, आणि हवं ते करूही देत नव्हती. माल्कम ल ग्रीससारख्या फिल्मकारांनी फिल्मवरून फिल्म छापणारा स्वतःचा प्रिंटर जुळवला, धुलाईची सोय केली. मग जो शूट करतो तोच धुतो, तोच प्रिंट काढतो आणि तिथेच पडद्यावर दाखवतो, असं होऊ लागलं. त्या काळच्या ब्रिटिश प्रयोगांत प्रिंटरवर एकच तुकडा पुन्हा पुन्हा छापणं, थर चढवणं इतकं दिसतं, ते यामुळेच. यंत्र हाताशी होतं म्हणून ते सुचलं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या एमटीके या लॅबने नव्वदच्या दशकात असंच दार उघडलं, आणि पॅरिसजवळ १९९६ साली लाबोमिनाब्ल ही लॅब सुरू झाली. मोठ्या लॅबा १६ मिमीचं काम बंद करत होत्या, यंत्रं भंगारात निघत होती. ही मंडळी ती यंत्रं उचलून आणायची, खोलायची, दुरुस्त करायची. लाबोमिनाब्ल आता एपिने-स्यूर-सेन इथे गेली आहे, एके काळी फ्रेंच सिनेमाची मोठी व्यावसायिक लॅब असलेल्या एक्लेरच्या जागेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बर्लिन, रॉटरडॅम, टोरोंटो, ब्रुकलिन, सगळीकडे अशा खोल्या आहेत. त्या एकमेकींना यंत्राचे सुटे भाग पाठवतात, नुस्खे पाठवतात, माणसं पाठवतात.

तू म्हणशील, २०१२ साली कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली, फुजीने २०१३ साली सिनेमाच्या फिल्मचं उत्पादन थांबवलं, मग यात जीव किती उरला आहे? याचं उत्तर मला कोडॅकच्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मने दिलं. कोडाक्रोमची धुलाई इतकी किचकट होती की घरी कुणाला ती जमण्यासारखी नव्हती. जगात अखेर एकच लॅब उरली, अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स या गावात. तिने २०१० च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं थांबवलं आणि कोडाक्रोमचा रंग तिथेच संपला. लोकांच्या घरी रोल पडून होते, पण त्यांतले रंग बाहेर काढायला कुणी नव्हतं. कृष्णधवल फिल्मचं तसं होत नाही. ती बादलीत धुता येते. जे बादलीत धुता येतं ते कुणाला कुलूप लावून बंद करता येत नाही. तू स्वतः धुवायला शीक, असं मी हट्टाने म्हणते ते म्हणून.

आणि हे काही युरोपातून शिकून यायचं कौतुक नाही. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा कच्च्या फिल्मच्या कडेची भोकंही आपणच पाडायची असत. दादरच्या घरात रात्री अंधार करून सरस्वतीबाई ती पाडत, फिल्म धुवत. कुंडीतलं वाटाण्याचं रोप बीपासून वाढताना रोज थोडं थोडं टिपलं, तोही एक प्रयोगपटच होता. स्वयंपाक, मुलं, घरची माणसं आणि त्यातच लॅब. आपल्याकडे सिनेमा घरातल्या घंगाळ्या-बादल्यांतून सुरू झाला, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

आता प्रत्यक्ष कामाचं. तुझी ट्राय-एक्स रिव्हर्सल फिल्म आहे. रिव्हर्सल म्हणजे जी फिल्म कॅमेऱ्यात जाते तीच प्रोजेक्टरवर चढते, मध्ये निगेटिव्ह नाही. सगळा रोल एकदम धुवू नकोस. मिट्ट अंधारात पाच-सहा फुटांचा तुकडा कापून आधी तेवढाच धू. बादलीत फिल्म शेवयांसारखी सोडायची आणि मोजे घातलेल्या हाताने सतत हलवत राहायची. ओल्या इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला, नख लागलं तर तो ओरखडा कायमचा. पहिला डेव्हलपर, पाणी, मग ब्लीच. ब्लीचसाठी जुन्या पुस्तकांत पोटॅशियम डायक्रोमेट सांगितलेलं असतं. त्याला हात लावू नकोस, त्याने कॅन्सर होतो. पोटॅशियम परमँगनेट घे, विहिरीत टाकायचं ते जांभळं औषध, आणि त्यात अगदी विरळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी. काळा पडदा लावून खिडकी कशी उघडी ठेवायची ते मी दाखवीन.

परमँगनेटने इमल्शन मऊ पडतं. त्यात पुण्याच्या मे महिन्यातलं नळाचं पाणी तिशीच्या वर गेलेलं असतं. माझ्या एका विद्यार्थिनीचं सबंध चित्र फिल्मवरून सायीसारखं सुटून बादलीत तरंगत होतं. म्हणून बर्फाच्या पिशव्या, मोठा टब, त्यात बादल्या, आणि थर्मामीटर वीस अंशांच्या आसपास.

ब्लीच झालं, सल्फाइटच्या पाण्याने तपकिरी डाग गेला, की दिवा लावायचा. मला या सगळ्यात सर्वांत प्रिय असलेली वेळ ती. पहिलं चित्र ब्लीचने खाऊन टाकलेलं असतं. हातात नुसती दुधी पट्टी. नवख्या माणसाचा चेहरा उतरतो, सगळं गेलं असं वाटतं. मग ती पट्टी दिव्याखाली सगळ्या बाजूंनी नीट फिरवायची आणि दुसऱ्या डेव्हलपरमध्ये सोडायची. जी चांदी पहिल्या वेळी उरली होती ती आता काळी होऊ लागते. आधी कडा, मग एखादी फांदी, मग माणूस. कितीही वर्षं केलं तरी त्या दोन मिनिटांत खोलीत कुणी बोलत नाही.

मग चित्र पक्कं करणारा हायपो, भरपूर पाणी, आणि कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर वाळत. धूळ बसू नये म्हणून मी मोरीत आधी थोडा वेळ शॉवर सोडून ठेवते. वापरलेला हायपो गटारात ओतू नकोस, त्यात चांदी असते. एक्स-रेच्या फिल्ममधून चांदी काढणारे व्यापारी आपल्या शहरांत आहेत, ते हायपोही घेतात.

एकटीने का धुवायचं नाही? अंधारात बादली कुणाच्या हातात आहे आणि वेळ कोण मोजतंय, हे दोन माणसांशिवाय जमत नाही हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की ही कला उरली आहे ती माणसांच्या देण्याघेण्यावर. जोनास मेकस हा फिल्मकार दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित म्हणून न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा थोड्याच दिवसांत त्याने उसने पैसे घेऊन बोलेक्स विकत घेतला. पुढे त्याने इतरांसह तिथली फिल्म-मेकर्स को-ऑपरेटिव्ह उभी केली, आणि तिचा नियम ठेवला की सभासदाची कोणतीही फिल्म नाकारायची नाही. वाईट फिल्मलाही कपाटात जागा. हा नियम मला अनेक पुरस्कारांपेक्षा मोठा वाटतो. तूही तशीच वाग. तुझा नुस्खा कुणाला लपवू नकोस. टाकी घेतलीस तशी स्वच्छ करून परत दे. दुसऱ्याच्या शोला प्रोजेक्टरवर उभं राहायला कुणी मिळत नसेल तर तू उभी राहा. मुंबईत वर्सोव्याच्या हरकत स्टुडिओजमधली मंडळी १६ मिमीचा महोत्सव भरवतात, तिथे जा, आणि नुसती प्रेक्षक म्हणून जाऊ नकोस.

फक्त दाणेदार, जुनाट दिसणारं चित्र हवं असेल तर मात्र हा खटाटोप करू नकोस. ते संगणकावर स्वस्तात होतं. बोलेक्सला पूर्ण चावी दिली तरी तो अर्धा मिनिटही चालत नाही, आणि शंभर फूट म्हणजे जेमतेम पावणेतीन मिनिटं. एवढ्यात काय पाहायचं हे ज्याला ठरवावंसं वाटतं त्याने फिल्मवर यावं.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. प्रत एकच ठेवू नकोस. १९६९ च्या सुमारास चित्रकार अकबर पदमसींनी मुंबईत नेपियन सी रोडला व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप सुरू केलं. नेहरू फेलोशिपचे पैसे त्यांनी स्वतःपुरते न ठेवता चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले यांना एकत्र आणलं. कॅमेरा होता, डार्करूम होती. विशीतल्या चित्रकार नलिनी मालानींनी आपल्या सुरुवातीच्या फिल्म तिथे केल्या. पदमसींनी स्वतः दोन केल्या. एक उरली. दुसरीची एकच प्रिंट होती, ती दिल्लीला प्रदर्शनासाठी गेली आणि हरवली. पुढे अशिम अहलुवालिया या दिग्दर्शकाने वयोवृद्ध पदमसींना बरोबर घेऊन तिच्या आठवणीवर एक नवी फिल्म केली. ती पाहताना मला सारखं वाटत होतं की कुणीतरी वेळेत एक प्रत काढायला हवी होती. रिव्हर्सलला निगेटिव्ह नसते, हे लक्षात ठेव. तुझ्या हातातली फिल्म हरवली की सगळंच हरवलं. आधी चांगला स्कॅन, जमेल तेव्हा प्रिंट, आणि मूळ फिल्म कोरड्या, गार जागी. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर लगेच तो इतर डब्यांपासून वेगळा कर. तो वास म्हणजे फिल्मचा पाया कुजायला लागला, आणि तो शेजारच्या रिळांनाही लागतो.

परदेशी जायचं तर जरूर जा, पण दोन वर्षांनी. आधी इथे दहा रोल धू, तुझी स्वतःची वही भरू दे. ती वही घेऊन गेलीस तर तिकडच्या लोकांनाही तुझ्याकडून काही मिळेल. तीस अंशांच्या पाण्यात इमल्शन कसं टिकवायचं हे रॉटरडॅमच्या माणसाला सहसा माहीत नसतं.

पुढच्या शनिवारी सकाळी सातला ये, ऊन चढायच्या आत. येताना कोपऱ्यावरून दोन किलो बर्फ आण, मैत्रिणीला आण, जुने कपडे घाल. रोल आदल्या रात्रीच फ्रिजमधून काढून टेबलावर ठेव, आणि डबा सकाळपर्यंत उघडू नकोस. या हवेत गार फिल्म लगेच उघडली की तिला घाम येतो.

तुझी,
ताई