जुन्या सुपरहिरो कॉमिक्समधले ठिपके आणि सरकलेले रंग: त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे?

तुमचा प्रश्न असा आहे की साठच्या दशकातल्या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समध्ये रंग रेषेबाहेर गेलेले असतात, चेहऱ्यांवर ठिपके दिसतात, कागद पिवळा पडलेला असतो, तरी लोक त्या चित्रांवर एवढा जीव का टाकतात. आणि आता त्याच कथा नव्याने रंगवून गुळगुळीत कागदावर मिळत असताना जुने अंक कशाला शोधायचे?

मी बावीस वर्षं ऑफसेट छापखान्यात, कॅमेरा आणि प्लेट विभागात काम केलं. ही चित्रं मी त्या सवयीने बघतो, आणि म्हणूनच ती मला इतकी आवडतात.

माझ्याकडे मार्व्हलचा साठच्या दशकाच्या अखेरचा एक अंक आहे. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेला, मुखपृष्ठ गायब, कडा भुगा व्हायला आलेल्या. त्यातल्या एका चौकटीत मुठीवर लाल हातमोजा आहे. तो भिंगाखाली धरला की डाव्या कडेला केसाएवढी पिवळी रेघ दिसते आणि उजव्या कडेला गुलाबी. त्या छपाईत लाल शाई नावाची वेगळी शाई नव्हती. भरीव पिवळ्यावर भरीव मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाई, बसली की लाल व्हायचा. मॅजेंटाची प्लेट, म्हणजे त्या शाईचा छपाईचा पत्रा, जराशी उजवीकडे सरकली, की डावीकडे पिवळा उघडा पडतो आणि उजवीकडे मॅजेंटा एकटाच बाहेर डोकावतो. आमच्या भाषेत रजिस्टर, म्हणजे शायांचा एकमेकींवरचा नेमका मेळ, हललं. आमच्याकडे असा कागद निघाला असता तर मशीन थांबवलं असतं. पण हे अंक दहा-बारा सेंटला विकले जायचे, रोटरी मशीनवर, साध्या न्यूजप्रिंटवर, लाखांच्या संख्येने निघायचे. तिथे कोण थांबणार?

आता ठिपक्यांबद्दल. यात खरी गंमत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिवळा, मॅजेंटा आणि निळसर सायन या तीन शायांच्या प्रत्येकी चारच पायऱ्या वापरायच्या: काहीच नाही, २५ टक्के, ५० टक्के आणि भरीव. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे कोरा कागद धरून ६४ रंग. रंगकाराजवळ एवढाच साठा. तो पानाच्या लहान छायाप्रतीवर पाण्यात विरघळणाऱ्या रंगांनी नमुना रंगवायचा आणि प्रत्येक जागेवर सांकेतिक अक्षरं लिहायचा. गोऱ्या माणसाच्या कातडीसाठी ‘वाय २ आर २’, म्हणजे पिवळा २५ टक्के आणि मॅजेंटा २५ टक्के (मॅजेंटाला ते ‘रेड’ म्हणायचे, म्हणून ‘आर’). त्यामुळे तुम्हाला चेहऱ्यावर जे दिसतं ते विरळ पिवळ्या आणि विरळ गुलाबी ठिपक्यांचं जाळं असतं. हात लांब करून अंक धरा, त्याचीच कातडी होते.

हे नमुने कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी केमिकल कलर प्लेट या कंपनीत जायचे. तिथे बहुतेक बायका काम करायच्या. एकेका पानासाठी पारदर्शक ॲसिटेटचे तुकडे घ्यायचे आणि पिवळ्याचा २५ टक्के कुठे, ५० टक्के कुठे, भरीव कुठे, हे प्रत्येक तुकड्यावर कुंचल्याने अपारदर्शक रंग भरून दाखवायचं. मग मॅजेंटाचं तेच, सायनचं तेच. म्हणजे एका पानाला नऊ तुकडे, सगळे हाताने! मी निगेटिव्हवर ओपेक करत, म्हणजे नको त्या जागा कुंचल्याने बुजवत बसायचो, तेव्हा एका पानाला मान दुखायची, म्हणून हा आकडा वाचल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसलो. अंकावर चित्रकाराचं नाव यायचं. या बायकांचं कधीच आलं नाही. छपाई मग इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा गावात, वर्ल्ड कलर प्रेसमध्ये. अमेरिकेतले बहुतेक कॉमिक्स त्या काळी याच दोन गावांतून जायचे.

ही साखळी डोक्यात असली की चित्रांतल्या कितीतरी गोष्टी उलगडतात. हल्कचंच घ्या. मे १९६२ ही तारीख असलेल्या पहिल्या अंकात तो हिरवा नव्हता, राखाडी होता. त्याचे लेखक स्टॅन ली यांना तसाच हवा होता. पण काळी प्लेट फक्त रेघांची असायची, तिच्यावर फिकट काळा मिळायचा नाही, त्यामुळे राखाडी करायचा तर तिन्ही शायांचे ठिपके बरोबर तोलून पडायला हवेत. एक शाई जरा जड झाली की राखाडी त्या बाजूला झुकतो. झालंही तेच. एकाच अंकात हल्क कुठे फिकट, कुठे जवळजवळ काळा, कुठे चक्क हिरवट दिसतो. दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केलं. हिरव्याला पिवळा आणि सायन या दोनच शाया लागतात, आणि त्या थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी हिरवा हिरवाच राहतो. ज्या रंगाने हल्क जगभर ओळखला जातो, तो असा मशीनने निवडला.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर वेताळ, म्हणजे मूळचा अमेरिकन ‘फँटम’. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले, आणि मराठीतून वेताळ वाचत माझ्यासारखी कितीतरी मुलं मोठी झाली. जंगलात लपायचं असलेल्या माणसाने जांभळा पोशाख का घालावा, हा प्रश्न मला लहानपणी फार छळायचा. लेखक ली फॉक यांच्या मनातला वेताळ राखाडीच होता. १९३६ साली वर्तमानपत्रात त्याची चित्रपट्टी सुरू झाली ती काळी-पांढरी, त्यामुळे रंगाचा प्रश्नच आला नाही. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी आली आणि छापताना तो जांभळा झाला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत लाल.

काळ्या केसांवर निळी चमक, बॅटमनची निळी केप, हेही त्यातलंच. भरीव काळ्यात घडी किंवा वळण दाखवायचं तर काळ्याच्या शेजारी निळा ठेवायचा, एवढाच उपाय.

मार्व्हलचे चित्रकार जॅक कर्बी यांच्या चित्रांवर माझं विशेष प्रेम आहे. रंग सरकतील, ठिपके भरून येतील, पण काळी रेघ टिकेल हे ठाऊक असल्यासारखं त्यांनी सगळं महत्त्वाचं काळ्यात ठेवलं. अवकाशातली ऊर्जा दाखवायला त्यांनी काळ्या गोळ्यांचे पुंजके काढायला सुरुवात केली, ते तर या छपाईसाठीच जन्माला आल्यासारखे वाटतात. मॅजेंटा कुठेही गेला तरी तो स्फोट फुटतोच. मूळ चित्रं १९६७ च्या सुमारापर्यंत छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट आकारात काढली जायची. लहान होताना रेघा एकमेकींना चिकटतात आणि चित्र घट्ट होतं. पुढे मूळ कागदाचा आकारच कमी केला, तेव्हाचा फरक नीट बघितलात तर तुमच्याही लक्षात येईल.

घाईच्या खुणा मजकुरातही आहेत. स्पायडरमॅनच्या १९६३ च्या पहिल्या अंकात पीटर पार्कर एका ठिकाणी ‘पीटर पामर’ झालाय. १९६४ मध्ये ब्रूस बॅनरचा, म्हणजे ज्याचा हल्क होतो त्या माणसाचा, ‘बॉब बॅनर’ झाला, आणि वाचकांनी पकडल्यावर त्याचं पूर्ण नावच ‘रॉबर्ट ब्रूस बॅनर’ ठरवून टाकलं.

आता नव्या आवृत्तीबद्दल. मुलीने मला एक जाडजूड पुनर्मुद्रण भेट दिलं. मी ते जुन्या अंकाशेजारी ठेवलं. कथा तीच, रेषा त्याच, पण बघवेना. जुना रंगकार रंग निवडताना न्यूजप्रिंटचा हिशेब करायचा. तो कागद शाई पितो, ठिपका पसरतो, पांढरा मुळात करडट असतो, त्यामुळे भडक पिवळा तिथे जाऊन निवतो. तोच पिवळा चकचकीत पांढऱ्या कागदावर सपाट भरला की डोळ्यांना टोचतो. चेहरे तर प्लॅस्टिकचे वाटले. मशीनने जे मऊ करायचं होतं, ते कुणीच मऊ केलं नाही.

मूळ गाजलेले अंक परवडण्यातले नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. सत्तरच्या दशकातला कुठलाही अंक बघा, पद्धत तीच आहे. मुखपृष्ठ नसलेला, दुमडलेला चालेल, तो स्वस्तही पडतो. दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घ्या, दिवसाच्या उजेडात बसा आणि आधी चेहरा बघा, मग लाल कपड्याची कड. त्यानंतर केप किंवा हातमोज्याचे कोपरे शोधा. माझ्या त्या अंकातल्या मुठीच्या करंगळीपाशी रंग रेषेच्या अलीकडेच थांबलाय, टोकाला गोलसर. रजिस्टर हललं असतं तर कड सरळ सरकली असती. ही कुंचल्याची खूण आहे. कुणीतरी तिथे हात उचलला आणि पुढची चौकट घेतली.